हौसाबाईंच्या पेशी आणि दस्तगीरभाईंचं बकरं

"शंभरात चार?" सर्जनसाहेबांनी रिपोर्ट टेबलावर टाकला. "तीन दिवसांपूर्वी बेचाळीस होते ना?"

"हो, सर."

"मग औषध बंद. उद्याचं ऑपरेशन पुढं ढकलू."

दारात हौसाबाईंचे मालक उभे होते. "सायेब, आत्ता घरला न्हेली तर ती परत यायची न्हाय. मी वळीकतो तिला."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलची लॅब मी सांभाळत होते. कसबा बावड्याच्या हौसाबाईंच्या स्तनात कॅन्सरची गाठ होती. ती थांबणारी नव्हती. ऑपरेशनच्या धक्क्यानं लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काही दिवस मंदावतात. त्या जाग्या राहाव्यात म्हणून साहेब आधी तीन दिवस लेव्हॅमिसोल देऊन बघत होते. गोळी बघून मालक म्हणाले होते, "ह्ये तर आमी जनावरांस्नी जंतावर पाजतोय की." खरंच होतं. औषध तेच.

या पेशी तपासायला मेंढराचं रक्त लागतं. त्यातल्या तांबड्या पेशी रुग्णाच्या लिम्फोसाइटमध्ये मिसळायच्या. लिम्फोसाइट धड असेल तर त्या तिच्याभोवती चिकटतात आणि मायक्रोस्कोपखाली फूल दिसतं. त्याला रोझेट म्हणतात. शंभर पेशींत फुलं किती, तो रिपोर्ट.

"सर, संध्याकाळपर्यंत थांबा," म्हटलं आणि लॅबमध्ये येऊन स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. सकाळच्याच बाटलीतलं मेंढराचं रक्त वापरून माझ्या पेशी तपासल्या. शंभरात तीन. रविवारी पन्हाळा चढून आलेली बाई, आणि शंभरात तीन! मला इतका आनंद झाला की मी चपला बदलायच्या विसरले. औषध निर्दोष होतं, हौसाबाईही. खोट बाटलीत होती.

रिक्षा करून, मेंढराचं रक्त जिथून यायचं ते मटणाचं दुकान गाठलं.

"दस्तगीरभाई, सकाळचं रक्त कुठल्या मेंढराचं?"

"मेंढराचं कशाला दीन, म्याडम? शिपाई म्हणला, दवाखान्यात बाई लई आजारी हाय, तिच्यासाठी पायजे. म्हटलं, रक्ती शिजवून खायला घालत असतील. कवळ्या बकऱ्याचं दिलंय, एक नंबर. आजारी माणसाला मेंढराचं कोण देतंय व्हय?"

दर वेळी मी स्वतः जाऊन समोर बाटली भरून घ्यायचे. या वेळी शिपायाला धाडलं होतं. बकऱ्याच्या पेशी माणसाच्या लिम्फोसाइटला चिकटत नाहीत. कोल्हापूरकरांची पसंती मायक्रोस्कोपला ठाऊक नसते.

मागं एक मेंढरू बांधलेलं होतं. "कापू नका, नुसतं धरा," म्हटलं आणि मानेच्या शिरेतून सिरिंज भरली.

"आजारी कोन हाय म्हनायचं, मेंढरू?" गिऱ्हाइकांतून कुणीतरी विचारलं.

हौसाबाईंचं नवं रक्त घेतलं. मेंढराच्या पेशी तीनदा सलाइननं धुतल्या, आम्हा दोघींच्या लिम्फोसाइटमध्ये मिसळल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. सहाच्या सुमारास मोजल्या. मी बासष्ट. हौसाबाई एक्कावन्न. पुन्हा मोजल्या. एक्कावन्नच.

साहेबांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. "आणि सकाळचा रिपोर्ट?"

"बकऱ्याचा होता, सर."

"सही कुणाची आहे त्यावर?"

"माझी."

"हं. उद्या आठ वाजता घेतो."

ऑपरेशन झालं. नंतर आकडा एकोणचाळीसवर उतरला, दहाव्या दिवशी पुन्हा चढला. त्यात औषधाचं किती आणि हौसाबाईंच्या अंगचं किती, हे एका बाईवरून सांगता येत नाही. टाके काढल्यावर त्या चालत घरी गेल्या.

तेव्हापासून प्रत्येक नव्या बाटलीची पहिली नळी माझ्या रक्ताची. ती त्या सकाळीच लावली असती, तर बकऱ्याच्या रिपोर्टवर माझी सही झाली नसती.