किशोरी विषय बदलत नाही

बाजारात मासे घ्यायला गेले की कोणीतरी विचारतंच, "काय गो काकी, तुमच्या शेजारचा चेडू अजून कार्टुनाच बघता?" चेडू म्हणजे मुलगी, आमची किशोरी. उत्तर देऊन देऊन मला कंटाळा आलाय. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं आणि पुढे मला मासे सुखाने घेऊ द्यावेत.

किशोरी मसुऱ्याजवळच्या आमच्या वाडीतली. डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नव्हे, विद्यापीठाची. तिचा विषय मांगा, म्हणजे जपानमधल्या चित्रांतून सांगितलेल्या लांबच लांब कथा, आणि त्या वाचून वेडे होणारे चाहते. त्याला कार्टून म्हणू नका. ती चिडते, आणि तिच्या आधी मी चिडते.

तिचा बाप सत्यवान गोव्यात एका हॉटेलात आचारी होता. पाहुणे खोलीत विसरून जातात त्या वस्तू तो सुट्टीला येताना घेऊन यायचा. छत्र्या, टोप्या, अर्ध्या बाटल्या शाम्पूच्या. किशोरी सातवीत असताना त्याने एक जपानी पुस्तक आणलं. पोरीला वाटलं, छापखान्याने ते उलटं शिवलंय. बरेच दिवस तिने डावीकडून डोकं फोडून घेतलं. एकदा सहज मागून उघडलं तर गोष्ट धडाधड चालू लागली. अक्षर एक कळत नव्हतं, पण कोण कोणावर रुसलंय ते कळत होतं. पुस्तक ऐन भांडणात संपत होतं आणि पुढचा भाग सत्यवान आणणार कुठून? मग पुढचा भाग हिनेच काढला, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. तिची आई तुळसा झोडणीचं भात वाळत घालता घालता ओरडायची, "चित्रा काढून पोट भरतला काय गो?" पोट भरलं नाही, पण डोकं मात्र भरलं.

पुढे पुण्याला जाऊन जपानी शिकली, एम.ए. केलं, पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "तू सिंधुदुर्गातली ना? मग दशावतार घे. तुला सोपं जाईल."

किशोरी म्हणाली, "सर, तुम्ही साताऱ्याचे. तुम्ही इंग्रजी नाटकांवर कसं केलंत? कंदी पेढ्यांवर का नाही?"

सर वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत. पण विषय मंजूर झाला.

मी तिला विचारलं होतं, "तुला दशावतार आवडत नाही का?" मला म्हणाली, "आवडता गो काकी, जत्रेक पयली जाऊन बसतंय. पण आवडता ता सगळा अभ्यासूकच होया काय? जपानी माणूस हय येऊन आमच्या दशावतारावर लिवता, तेका कोण विचारता तुझ्या गावात काय नाय काय म्हणान? आमीच तेवढी आपल्या परसात खणीत रवाची?"

याच्यावर उत्तर तुम्हाला सुचत असेल तर कळवा.

तिने केलं काय, तर हे मांगाचे वाचक शोधून काढले, आणि ते टोकियोत नाही, आपल्याकडे. मालवणची रोशेल बँकेत नोकरी करते. रविवारी चर्चमधून घरी आली की ती जपानी तलवारबाजांच्या तोंडी मालवणी घालून मैत्रिणींना फोनवर पाठवते. त्यातल्या राजकन्येने नवऱ्याला 'तुमी' म्हणायचं की 'तू', यावरून कुडाळपासून बांद्यापर्यंतच्या मुली असल्या भांडल्या की त्यातल्या दोघींचं बोलणं अजून बंद आहे. तलवारबाज राहिला बाजूला, आपल्या घरातली बाई नवऱ्याशी कसं बोलते यावर त्या पोरी घसरल्या होत्या. किशोरीने त्या भांडणावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. मी वाचलं. चांगलं आहे. थोडं लांबलंय.

पदवी मिळाली आणि ती घरी आली. सत्यवान तोवर गेला होता, तुळसा एकटी. पोरीला इथेच राहायचं होतं, पण नोकरी म्हणावी तर तासांवरची, आज आहे नि उद्या नाही. तेवढ्यात भाईंच्या संस्थेच्या महाविद्यालयात एक कायम जागा निघणार अशी बातमी आली. हे भाई म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, संस्थेचे अध्यक्ष. त्यांनीच वाडीच्या देवळात किशोरीचा सत्कार ठरवला. तुळसाने पेटीतलं लुगडं काढलं.

देवळासमोर पोचलो तर बॅनर. किशोरीचा फोटो आणि खाली हे मोठ्या अक्षरांत, "दशावताराच्या गाढ्या अभ्यासक".

"भाई, ह्या काय?" किशोरीने विचारलं.

भाई हसले. "अगो, लोकांक कळाक होया मां! तुझा मांगाबिंगा हय कोण समजतलो? संस्था लोककलेचा केंद्र काढता, कायम जागा त्यातली. ती तुझीच. तू फक्त गप उभी रव आणि शाल घे."

तुळसाने मागून तिचा हात दाबला. "गप रव गो बाये. कायम जागा आसा." मला तिचा राग आला नाही. भाईंच्या माणसाने पुढे माइक आणून लावला, आणि दत्ताराम गाऱ्हाणं घालायला उभा राहिला.

आमच्याकडे कुठलंही कार्य असो, आधी देवाला गाऱ्हाणं. दत्ताराम वाडीचा मानकरी. तो देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मध्ये कोणी तोंड उघडायचं नसतं. बाईने तर नाहीच नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान दशावताराचो अभ्यास करून डॉक्टरकी मिळवल्यान, म्हाराजा!"

"व्हय..."

"दत्तारामकाका, थांबा," किशोरी म्हणाली. "ह्या खोटा आसा."

भाई दातांत बोलले, "अगो, गाऱ्हाणा चालू आसा!"

"म्हणानच सांगतंय. बॅनरावर काय लिवलास ता तुमचा. देवाक माझ्या नावान खोटा सांगू नकात."

दत्तारामने जोडलेले हात खाली घेतले. मला वाटलं, आता पोरीला बाहेर काढतो. पण तो वळला भाईंकडे. "माका तुमी असाच सांगलास मां? खोटा गाऱ्हाणा घातलंय तर देव माका धरतलो, तुमका नाय." मग किशोरीला, "काय म्हणू ता सांग. पण थोडक्यात सांग, माझे पाय दुखतत."

चारशे पानं लिहिलेल्या बाईने तीन वाक्यांत सांगितलं, "जपानात चित्रांच्या गोष्टी काढतत. त्या वाचून पोरा येडी होतत आणि गोष्ट संपली तरी आपल्या हातान पुढे काढतत. त्या येड्या पोरांचो अभ्यास."

"ह्याच्यात पाप काय नाय मां?"

"नाय."

"मगे बरा." हात परत जोडले. "बा देवा म्हाराजा! आदी सांगलंय ता चुकला, पदरात घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवान जपानातल्या चित्रांच्या गोष्टींचो आणि त्या वाचून येड्या झालेल्या पोरांचो अभ्यास केल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या कामाक कोण हसत असात, आडवो येत असात, तेका बरी बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज भाईंचा. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्यांना कळलं.

शाल दिली त्यांनी, अगदी दोन बोटांनी. भाषण केलं नाही. जाताना गाडीपाशी मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी समजवायचं." मी म्हटलं, "मी तुम्हालाच समजावणार होते, पण दत्तारामने आटपलं."

जागा निघाली नाही. तुळसा आठवडाभर लेकीशी बोलली नाही, भाकरी मात्र दोघींची थापत होती. किशोरी बांद्याच्या एसटीने तासांवर शिकवायला जायला लागली, आणि रोशेलला बरोबर घेऊन तिने नवा लेख लिहिला. तो जपानमध्ये छापून आला. आमच्या वाडीत त्याचा बॅनर लागला नाही.

परवा किशोरीला भाईंचा फोन आला. जाहिरात आता खरंच निघत्येय, फक्त अर्जाला दशावतारावर एक प्रकरण जोड, बाकी तुझं तू काय ते कर. मी तिथेच चहा पीत होते. तुळसाने चुलीपुढून मान वर केली, पण या वेळी हात धरायला उठली नाही.

"भाई," किशोरी म्हणाली, "जाहिरात येऊ दे. मी अर्ज करतलंय. विषय ह्योच." आणि फोन ठेवला.

तुळसा म्हणाली, "नाय घेतल्यानी तर?"

"तर पुढच्या जाहिरातीक परत."

"आणि थय पण नाय तर?"

"आये, भाई म्हातारे झाले. मी नाय."

तुळसा हसली, आणि तिने मला न विचारता माझ्या कपात आणखी चहा ओतला.