चाकणहून मारलेली टिचकी

मंडळी, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. बावीस वर्षं नवजात बाळांच्या आयसीयूत सिस्टर आहे मी – भूत आलंच, तर त्यालाही चपला बाहेर काढायला लावून, कोपरापर्यंत हात धुवूनच आत घेईन! आणि तरीही... ऐका.

चिंचवडचं आमचं हॉस्पिटल. काचेच्या पेटीत नऊशे ग्रॅमचं बाळ. नाव नाही, नुसतं ‘बेबी ऑफ सविता’. एवढी लहान बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात. मॉनिटर ओरडला की तळपायाला हलकी टिचकी मारायची – की स्वारी पुन्हा सुरू!

बाप गणेश, मूळचा परभणीचा, चाकणला कंपनीत असेंब्ली लाइनवर. भेटायला आला की सुरू –
“सिस्टर, तुमी जेवायला गेल्यावर टिचकी कोन मारतंय?”
“दुसरी सिस्टर.”
“अन् तिला शिंक आली तर?”
“मग तू मार, चाकणहून!”

बाळांना जीव लावायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून कपड्यांच्या खोलीत रडून यायचं आणि बाहेर थट्टा करायची.

पाचवा दिवस. दुपारी दोनला शिफ्ट बदलत होती. मी शेजारच्या बाळाच्या अडलेल्या सलाईनमध्ये गुंतले होते. गणेशच्या बाळाचा अलार्म वाजला. मी आवाज बंद केला आणि नव्या शिफ्टच्या पल्लवीला म्हटलं, “बघ गं.” तिला वाटलं, मी दुसऱ्याच बाळाचं सांगतेय. दोघी पाठमोऱ्या!

सलाईन सुरू झालं तशी वळले. ओठांवरची निळाई विरत होती, छाती हलत होती... आणि तळपायावर ताजा लाल ठिपका!
“तू मारलीस?”
“नाही मॅडम. तुम्हीच ना?”

तेवढ्यात फोन खणखणला. गणेश, धापा टाकत.
“सिस्टर, लेकरू श्वास घ्यायलंय का? लाइनवर हात आपोआप उठला बघा, मशीनच्या पत्र्यावर टिचकी मारली. सुपरवायझर म्हनला, येडा झालास का? मोबाइल गेटवर जमा असतोय, तसाच पळत आलो.”
“घेतोय रे बाबा!” म्हणाले, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

माझी चूक डॉक्टरांना सांगितली, बोलणी खाल्ली. बाळ पुढे धडधाकट घरी गेलं, आता शाळेत दंगा करतं. पण टिचकी मारली की चार्टवर वेळ लिहून सही करावी लागते. त्या दिवशीची वेळ मी लिहिली – दोन वाजून चार मिनिटं. सहीची जागा कोरीच ठेवली. तिथे सही कोणाची हवी होती, हे मला अजूनही ठाऊक नाही.