जावयाच्या सायकलचा लांब चिमटा

टेपमामांना जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणता आलं नाही. सायकलदुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षांचं आणि मोजायची टेप कायम खिशात. “लग्नाच्या दिवशी माझं तोंड बघायच्या आधी यांनी दाराची चौकट मोजली,” असं बायको सांगे, आणि ते खोटं नसावं.

एकदा जावई आला. हातात पंचवीस वर्षांपूर्वीची डोंगरात चालवायची सायकल, काखेत नवाकोरा, शॉकअपवाला लांबलचक चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारी दुपाखी दांडी. मामांनी टेप लावली. चाकाच्या ॲक्सलपासून हँडलखालच्या फ्रेमच्या गळ्यापर्यंत जुना चिमटा एक्केचाळीस सेंटिमीटर, नवा एक्कावन्न.

“जावईबापू, ही फ्रेम आखूड चिमट्यासाठी बेतलेली. पुढून उचलली गेली की चढावर हँडल लुळं पडेल, अन् उतारावर सगळा मार या गळ्याच्या जोडावर.”

“अहो बाबा, मी बसलो की दबतो तो!”

“दबून दबून तीन दबेल. सात उरतातच.”

“सगळे बसवतात. तुमच्याच्यानं होत नसेल तर दुसरीकडे नेतो.”

झालं! वर्मावर बोट. त्यात जावयाला दुखवायचं तर लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे. मामांनी चिमटा बसवून दिला.

महिन्याभरानं एका शनिवारी लेकीचा फोन आला. बोलता बोलता सहज म्हणाली, “यांच्या सायकलच्या गळ्यापाशी रंगाचा पापुद्रा गेलाय. उद्या हे घाटात जाऊन आले की रंगवून घेणारेत.”

रंग उगाच जात नाही, हे मामांना पक्कं ठाऊक. दिवस उजाडायच्या आत ते लेकीच्या दारात हजर. जावई हेल्मेट घालून निघायच्या तयारीत. मामांनी गळ्याखालून नख फिरवलं. नख भेगेत अडकलं. त्यांनी पुढचं चाक सोडवलं.

“बाबा, मित्र खाली थांबलेत! आणि बसवलात तुम्हीच ना?”

“मीच. अक्कल गहाण ठेवून बसवला.”

“चाक द्या इकडे.”

“नाही.”

लेक दारातून बघतच राहिली. जावयानं हेल्मेट सोफ्यावर आदळलं आणि आत जाऊन कडी लावली.

मामा चाक काखेत मारून जिना उतरले. त्याला आता चार महिने झाले. जावई सासऱ्याशी बोलत नाही, लेक दोघांच्या मध्ये भरडली जाते. पण तो दोन पायांवर चालतोय, हे मामा रोज स्वतःला समजावतात, अर्धंमुर्धं पटतं.