क वर्गाची वाडी

राच तोम वाडीनं ज्या दिवशी एकमतानं आपला प्रमुख निवडला, त्या दिवशी तो प्रमुख दोन कालवे ओलांडून, कापणी झालेल्या शेतात तीनशे बदकं चारत होता. संध्याकाळी चिखलानं माखून घरी आला तर दारातच बायकोनं, लुआनं, वाट अडवली. तोंडात पानाचा तोबरा होता, तरी हसू लपत नव्हतं.

"या साहेब! पाय धुऊन घ्या. तुम्ही आता सरकार झालात."

"कसलं सरकार?"

"दुपारी देवळात सभा होती. तालुक्याचा साहेब म्हणाला, प्रमुख निवडा. कुणी मान वर करीना. मग कुणीतरी विचारलं, आज कोण कोण आलं नाही? न आलेले तुम्ही एकटेच. टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू!"

ताम मटकन ओट्यावर बसला. ताम म्हणजे आठवा. आमच्याकडे माणसाला भावंडांतल्या क्रमांकानंच हाक मारतात. आधीचा प्रमुख बहिणीला भेटून येतो म्हणून तालुक्याला गेला होता, तो आलाच नाही. त्याच्या आधीचा कालव्यात सापडला होता, पाठीवर 'गद्दार' असा कागद टाचलेला.

"मला लिहितासुद्धा नीट येत नाही," ताम म्हणाला.

"म्हणूनच तर! लिहिता येणारे सगळे सभेला आले होते."

हे साल एकोणसत्तर. देशाचे दोन तुकडे होऊन पंधरा वर्षं झाली होती. उत्तरेत लाल झेंडा होता, दक्षिणेत पिवळा, आणि लाल रंग खाली उतरू नये म्हणून समुद्रापलीकडून पाच लाख अमेरिकन आले होते. त्यांतला एक राच तोमच्या वाट्याला आला. कॅप्टन ड्वायर. उंच, लालबुंद, सदा घामाघूम. महिन्यातून एकदा तो सार्जंट क्वी नावाच्या, आमच्यातल्याच एका दुभाष्याला घेऊन होडीनं यायचा, तामच्या ओट्यावर बसायचा आणि मांडीवर भलामोठा छापील कागद पसरायचा. बाजारात किती गाळे? शाळेत किती पोरं? विहिरीला पंप आहे का? भिंतीवर शत्रूची पत्रकं चिकटवलेली दिसली का? आणि शेवटी, नेमानं: वाडीप्रमुख रात्री वाडीतच झोपतो का?

ताम झोपायचा होडीत. अंधार पडायच्या आत तो होडी कालव्याच्या मधोमध नेऊन नांगरायचा. पहिल्या खेपेला त्यानं तसं सांगून टाकलं. क्वीनं भाषांतर केलं. कॅप्टननं विचारलं, "कालव्याचा मध्य वाडीच्या हद्दीत येतो का?" मग दोघांनी नकाशा उलगडून बराच वेळ बोटं फिरवली आणि अर्धा येतो असं ठरवलं.

"हे कागद जातात कुठं रे?" ताम एकदा क्वीला म्हणाला. कॅप्टन तेव्हा बदकांचे फोटो काढण्यात दंग होता.

"सायगावला, तामकाका. तिथं एक यंत्र आहे. ते कागद गिळतं आणि वाडीचा वर्ग सांगतं. अ म्हणजे वाडी पक्की आपली. मग ब, क, ड, असं खाली खाली."

"आणि सगळ्यात खाली?"

क्वीनं हनुवटीनंच कालव्यापलीकडं खूण केली. तिथं 'अन मी' नावाची वाडी होती. आता एकही माड शेंड्यासकट उभा नव्हता. यंत्रानं तिला शेवटचा वर्ग दिला, आणि त्यानंतर तिच्यावर तोफ डागायला कुणाला विचारावं लागत नसे.

तामला कागदाची गोम कळली. खालचा वर्ग नको. आणि वरचा? वरच्या वर्गाची ओळख करून दिली ती त्याच्या मेहुण्यानं.

लुआचा थोरला भाऊ साऊ पायवाटेनं बांबूच्या टोपलीत ईल मासे विकत हिंडायचा. साऊ 'बाहेरच्यां'चा, म्हणजे लपूनछपून लढणाऱ्या लाल झेंडेवाल्यांचा, माणूस आहे, त्यांच्यासाठी तांदूळ गोळा करतो, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. सरकारी पहाऱ्याच्या बारा पोरांनाही ठाऊक होतं; त्यांतली निम्मी त्याच्याच नात्यातली. सासऱ्यांच्या श्राद्धाला भरदुपारी तो पंगतीत तामच्या शेजारी बसला आणि बदकाच्या पेजेत लिंबू पिळत म्हणाला,

"दाजी, तुमचा वर्ग कुठला सध्या?"

ताम दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? आमच्याकडंही वही असते. मुक्त, वादग्रस्त, शत्रूची. तुमची वाडी वादग्रस्तमध्ये आहे. तिथंच राहू द्या. तुम्ही शत्रूची झालात तर मला वरून हुकूम येईल, आणि मुक्त झालात तर तुमच्यावर आभाळातून येईल."

"म्हणजे क?"

"क बरा. क सोन्यासारखा."

लुआ पेज वाढता वाढता म्हणाली, "एवढी अक्कल लहानपणी कुठं गेली होती साऊदादा? शाळेत तर दोघंही ढ वर्गात."

त्या दिवसापासून कॅप्टन यायच्या आदल्या दिवशी शाळेच्या भिंतीवर एक पत्रक चिकटलेलं असायचं. एकच. कॅप्टन ते बघून उसासा टाकायचा, खूण करायचा. बाकी सगळं छान असायचं. वर्षभर राच तोमला क मिळत गेला. पहारा टिकला, पंपाला तेल येत राहिलं, आणि दोन्हीकडच्या बंदुका शांत राहिल्या. अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं ठिकाण नसेल.

मग कॅप्टनचं नेमणुकीचं वर्ष भरत आलं.

तो शेवटच्या खेपेला आला तेव्हा थकला होता. कागद पसरलाच नाही. खिशातून मुलीचा फोटो काढून त्यानं लुआला दाखवला. पुढचे दोन दात पडलेली, पाचेक वर्षांची पोर. मग क्वीशी काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" तामनं विचारलं.

"म्हणतो, शाळेवर पत्रे घातले, पंप बसवला, सुया टोचल्या. आलो तेव्हा क होता, चाललोय तेव्हाही क. पोरीनं विचारलं, बाबा तिकडं काय केलंत, तर सांगू काय?"

ताम त्या माणसाकडं बघत राहिला. ह्यानं कधी कुणावर हात उगारला नव्हता. शाळेचे पत्रे स्वतः शिडीवर चढून ठोकले होते, अंगठा ठेचला तरी हसला होता. योगायोगानं त्या महिन्यात साऊ तापानं फणफणला होता, त्यामुळं पत्रकही नव्हतं. लुआ स्वयंपाकघरातून डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"सांग त्याला," ताम म्हणाला, "की मी घरात झोपतो."

क्वीचे डोळे विस्फारले. "काका, नीट विचार करा."

"सांग तू. आणि बाजार भरतो, पोरं शाळेत जातात, बाहेरचे कुणी फिरकत नाहीत. लिहू दे त्याला."

कॅप्टननं कागद काढला आणि लिहिलं. लिहिताना त्याचा चेहरा उजळत गेला.

यंत्रानं कागद गिळला आणि राच तोमला अ दिला. मग समारंभ झाला. पिवळे झेंडे लागले, काळ्या चष्म्याचा कर्नल आला, वेशीवर फळा ठोकला गेला. कॅप्टननं तामला सर्वांदेखत मिठी मारली. तामचं नाक त्याच्या खिशाच्या गुंडीपाशी आलं. चार दिवसांनी कॅप्टन पदक घेऊन मायदेशी गेला.

आठवड्याभरात बारा पहारेकऱ्यांना दुसरीकडं हलवलं. अ वर्गाला पहारा कशाला? पंपाचं तेल थांबलं. अ वर्ग आपल्या पायावर उभा असतो.

साऊ आला तो धापा टाकत, अजून अशक्त. ईलची टोपली नुसती नावाला, रिकामीच.

"दाजी, काय करून बसलात हे? वरून मला विचारतायत, साऊ, तुझी वाडी शत्रूनं खिशात घातली तेव्हा तू काय अंडी उबवत होतास?"

"मला त्याची दया आली," ताम खाली मान घालून म्हणाला.

"दया! अहो, तो विमानात बसून गेला. आपण कुठं जायचं?" मग आवाज उतरला. "बुधवारी सकाळी अख्खी वाडी बाजाराला न्या. काहीही निमित्त काढा. वाडीच्या कचेरीत कुणी थांबता कामा नये. शाळेतसुद्धा."

तामनं निमित्त काढलं: तालुक्याला फुकट कापड वाटणार आहेत. वाडी रिकामी झाली. बुधवारी दहाच्या सुमाराला कचेरी उडाली, शेजारच्या शाळेचे पत्रे पार कालव्यात जाऊन पडले. हवं होतं ते साऊच्या वरच्यांना मिळालं. पण अ वर्गाच्या वाडीवर हल्ला म्हणजे जिल्ह्याच्या तोंडाला काळं, म्हणून तालुक्याच्या तोफांनी पाऊण तास शेतं भाजली. तामची तीनशे बदकं गेली. आणि बांधाकडेला, रिकाम्या टोपलीशेजारी, साऊ सापडला.

लुआनं टाहो फोडला नाही. फोडता येत नव्हता. वाडीप्रमुखाच्या बायकोनं शत्रूसाठी रडायचं नसतं. तिनं भावाचं अंग धुतलं आणि त्याला नवे कपडे घातले. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "मी डोळ्यांनी सांगत होते तुम्हाला."

पुढं कितीतरी दिवस ताम बांधावर जाऊन बसायचा आणि पेजेच्या वेळी हाक मारली तरी उठायचा नाही.

नवा कॅप्टन तरुण होता आणि घाईत होता. त्यानं प्रेताबद्दल विचारलं. "ईल विकणारा," ताम म्हणाला. क्वीला सगळं माहीत होतं. त्यानंही तेच सांगितलं. कॅप्टनला पहिल्याच महिन्यात वाडी घसरलेली दाखवायची नव्हती. राच तोमला ब मिळाला.

पुढच्या पाच वर्षांत सगळे कॅप्टन गेले आणि पिवळे झेंडेही गेले. नव्या सरकारनं तामला बोलावून घेतलं. कर्नल आणि मिठी असलेला फोटो त्यांच्याकडं होताच. तामनं सगळी हकीकत सांगितली, पत्रकाची, पेजेची, बुधवारची. लिहून घेणारा पोरगा उत्तरेकडचा होता. म्हणाला, "आजोबा, शत्रूच्या अ वर्गाचा प्रमुख आमच्या माणसाशी मिळून क ठेवत होता, हे मी वर कसं पाठवू?" त्यानं तो भाग गाळला. ताम चौदा महिने छावणीत मातीचे बांध घालत राहिला.

तो आत असतानाच साऊ हुतात्मा ठरला. आईबाप नाहीत, लग्न नाही, म्हणून प्रमाणपत्र बहिणीच्या नावे आलं. लुआनं ते काचेत घालून देव्हाऱ्यावर टांगलं. ताम परतला तेव्हा त्यानं ते हळूहळू, अक्षर लावत वाचलं, उदबत्ती लावली आणि तीनदा वाकला.

तेव्हापासून दर जुलैत हुतात्मा दिनाला नवा वाडीप्रमुख साखरेची पुडी आणि फुलं घेऊन लुआकडं येतो. त्याच्या कागदावर घरात माजी शत्रुप्रमुख राहत असल्याची नोंद आहे, म्हणून त्या तासापुरतं ताम स्वयंपाकघरात बसतो. हे कुणी सांगितलेलं नाही. त्याचं त्यानंच ठरवलंय. एका वर्षी नवखा प्रमुख आला. आतून भांड्याचा आवाज ऐकून त्यानं अदबीनं विचारलं,

"आत कोण आहे, मावशी?"

"आमचे हे," लुआ म्हणाली. "तुमच्यासाठी चहा करतायत."