करवतीने कापलेली माया शिळा

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या. ही एक मात्र विसरणं मला जमलेलं नाही.

सिंगापूर पोलिसांत मालमत्तेच्या गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. चोआ चू कांग भागात आमच्याच इमारतीत पुण्याची एक इंजिनिअर राहायची. हवेतला दमटपणा मोजणारी यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हे तिचं काम. एका रविवारी सकाळी तिने मला लिफ्टपाशी गाठलं.

"काका, माझं नाव कुठे येणार नाही ना? मी एम्प्लॉयमेंट पासवर आहे, नोकरी गेली तर देश सोडावा लागेल."

"नाही येणार. बोल."

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात ती दुरुस्तीला गेली होती. तिथे काचेच्या कपाटात छातीएवढ्या उंचीची कोरीव शिळा होती. पिसांचा मुकुट घातलेला राजा. सिमेंटची नक्कल आहे, असं तिला सांगण्यात आलं.

"पण काका, मागे करवतीचे ताजे चरे होते. आणि खाचांत बारीक मुळं अडकलेली. सिमेंटमध्ये मुळं कुठून येतील?"

खबर देणारे बहुधा आपला निष्कर्ष सांगतात. हिने पाहिलं तेवढंच सांगितलं. अशी खबर मी कधी सोडली नाही.

वॉरंट घेऊन शिळा ताब्यात घेतली. व्यापारी अतिशय सभ्य. प्रत्येक प्रश्नाला एक कागद पुढे करी. निर्दोष माणूस कागद शोधताना गडबडतो. याचे कागद क्रमाने लावून ठेवलेले होते.

"नक्कल आहे म्हणता?"

"हो. गिऱ्हाइकाच्या बागेसाठी."

"बागेत पावसात भिजणार. मग कपाटात हवा मोजायचं यंत्र कशाला?"

तो पहिल्यांदा पाणी प्यायला. मग म्हणाला, "बरं, अस्सल आहे. जुन्या संग्रहातली. चोरीची आहे हे तुम्ही सिद्ध करा."

कायद्याने त्याचं बरोबर होतं. सिद्ध झालं नसतं, तर शिळा मलाच त्याला परत द्यावी लागली असती.

असा मुकुट मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया राजांचा, असं संग्रहालयातून कळलं, म्हणून छायाचित्रं ग्वाटेमालाला पाठवली. काही आठवड्यांनी तिथल्या एका अधिकाऱ्याबरोबर साठीच्या एक बाई आल्या. जंगलालगतच्या माया गावातल्या. त्या आपल्या भाषेत बोलत, अधिकारी इंग्रजीत सांगे. माया लोक शहरं टाकून नाहीसे झाले, असं मी शाळेत शिकलो होतो. बोलण्याच्या ओघात तसं म्हणूनही गेलो.

बाई हसल्या. अंगातल्या रंगीत विणीच्या चोळीला हात लावून म्हणाल्या, "नाहीसे झाले? मग ही मी कशी विणली?"

मी माफी मागितली. त्यांचं गाव आळीपाळीने जंगलात गस्त घालतं, हे मग कळलं. "चोर आधी दगडासाठी वाट पाडतात," त्या म्हणाल्या. "त्याच वाटेने लाकूडतोडे येतात. मागून आग येते."

चोरांनी शिळा कापताना तळाचा एक तुकडा मोडून तिथेच राहिला होता. गस्तीवाल्यांनी तो जपून ठेवला होता. बाईंनी पिशवीतून त्या तुकड्याची प्लास्टरची प्रतिकृती काढली आणि शिळेच्या मोडक्या कडेला लावली. कडेला कड बसली. राजाच्या पायाची बोटं पूर्ण झाली. हे दाखवल्यावर व्यापाऱ्याने जबाब बदलला, शिळा चोरीची असल्याचं कबूल केलं.

बाईंनी शिळेपुढे धूप जाळायची परवानगी मागितली. मुद्देमालाच्या खोलीत आगीची घंटा वाजली असती. मला नाही म्हणावं लागलं. त्यांनी राळेचा खडा न पेटवताच कागदावर ठेवला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिल्या. ती प्रार्थना असावी असं मला वाटलं. अधिकारी म्हणाला, "गावात कोण वारलं, मका कसा आला, ते सांगताहेत." घरच्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

खटला संपल्यावर शिळा न्यायला त्या पुन्हा आल्या. पावतीवर ग्वाटेमाला सरकारतर्फे अधिकाऱ्याने सही केली, गावातर्फे बाई करणार होत्या. सहीच्या जागेखाली छापलेला 'मालक' हा शब्द समजावून दिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आम्ही मालक नाही. राखणदार आहोत. आधी माझी आजी होती, पुढे नात असेल."

मी तो शब्द खोडला, वर 'राखणदार' लिहिलं आणि बाजूला सही केली. वरिष्ठांनी विचारलं, मी कारण सांगितलं. त्यांनी पावती तशीच फाइलला लावली.

चोरीच्या तपासात माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असे: ही वस्तू कोणाची? त्या दिवसापासून मी आणखी एक विचारू लागलो: हिला आजवर जपलं कोणी? दोन्ही प्रश्नांना एकच नाव क्वचितच निघालं. आणि खरा साक्षीदार मला बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडला.