भोंगा चालू, काच बंद

संघटनेची गाडी जुनी. मागच्या काचा मर्जी असेल तेव्हा उतरतात, कुलपं मनात येईल तेव्हा खटकन पडतात. दुरुस्तीचं आम्ही कधी मनावर घेतलं नाही. पत्रकं छापायची सोडून काचा कोण बघत बसणार?

त्या दिवशी पुसदकडच्या एका तांड्यावरून एका म्हातारीला आणलं. तांड्याची पाण्याची एकुलती हापशी बंद पडलेली, आणि ते ग्रामसभेत ती स्वतः सांगणार होती. तांड्यात सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणायचो.

पंचायतीसमोर मी माइक घेऊन उतरलो, गाडी चालवणारा मित्रही उतरला. दार लोटलं आणि चारही कुलपं पडली. किल्ली आत लावलेलीच, याडी मागच्या सीटवर, धुळीमुळे काचा वर. मला पत्ताच नाही. मी गाडीकडे पाठ करून टपावरच्या भोंग्यावर सुरू झालो, "बाईले बोलू द्या! तांड्याचा आवाज दाबू नका!" मागे ती काच बडवत होती.

"अबे, पह्यले तिले बाहेर तं काढ!" पारावरून एक म्हातारा ओरडला. सगळे हसले.

मित्राने दार हलवलं, कुलपाजवळ बुक्क्या मारल्या, मग खुणा करत ओरडला, "याडी, ते बटन दाबा!" काच बोटभर उतरली आणि थांबली. मी तेवढ्यात माइकवरून लोकांना सांगत होतो, घाबरू नका, काम चालू आहे.

"तू बोलला का काच थांबते," म्हातारा म्हणाला. "चूप बस ना जरासा."

खरं होतं. भोंग्याची वायर मीच खिडक्यांच्या फ्यूजमधून ओढली होती. भोंगा ओरडला की काचेच्या मोटरला करंट पुरत नव्हता. मी गप्प झालो. काच घरघरत अर्धी उतरली, मित्राने हात घालून कुलूप उघडलं. याडी घामाने निथळत उतरली आणि पाणीही न घेता सरळ सभेत गेली.

आत माणसं उठत होती. सरपंच चप्पल शोधत म्हणाले, "आटोपली ना सभा. तुमच्या तांड्याचं समदं ऐकलं आम्ही भोंग्यावरून."

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "हापशीचं सांगितलं का रे, बाबू?"

हक्क, शोषण, एल्गार, सगळं म्हणून झालं होतं. हापशीचं नावही निघालं नव्हतं. मी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळू नये अशी.