भिंतीतलं तांबूस पान

या मार्चमध्ये आम्ही केरळात असणार होतो. तिकिटं काढून झाली होती, बॅगा माळ्यावरून खाली आल्या होत्या. तेवढ्यात आमचे हे न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि बॅगा परत माळ्यावर गेल्या. तेव्हा यंदाचा प्रवास आमच्या मुकुंदवाडीत सुरू होतो आणि मुकुंदवाडीतच संपतो. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली, म्हणून इथं मी त्यांना मोजणीसाहेब म्हणते. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता रोज चाला. साहेब वॉकर धरून गॅलरीपर्यंत चालायचे. जिन्याचं नाव काढलं की, "उद्या बघू." राहतो आम्ही पहिल्याच मजल्यावर, पण पुन्हा पडायची भीती मनात घर करून बसलेली. जिल्हाभर पायी फिरलेला माणूस खुर्चीला खिळलेला बघून माझा जीव तुटायचा.

मग एक खेळ काढला. सकाळी मी एकटीनं फिरायला जायचं, मोबाईलवर एक फोटो काढून आणायचा आणि साहेबांनी जागा ओळखायची. अट एकच, फोटोत माणूस, इमारत, पाटी काही नको. नुसतं झाड, पान, दगड, पाणी.

सुरुवात गोगाबाबा टेकडीपासून. मुकुंदवाडीहून शेअर रिक्षा मिळतात, मध्ये एकदा बदलावी लागते, सुट्टे पैसे जवळ ठेवा. ऊन चढायच्या आत पोचा, वर सावली नाही. मला वरचा देखावा नको होता. पायथ्याशी वाळलेल्या कुसळांतून कोवळं ऊन येत होतं, तेवढंच टिपलं. घरी दाखवलं तर साहेबांनी चष्माही सावरला नाही. "गोगाबाबा. चढ सुरू होतो तिथं."

मग हिमायतबागेतल्या चिंचेचं खोड नेलं. तेही ओळखलं!

हर्सूल तलावाच्या वाटेवर एक पळस ऐन बहरात होता. खाली मातीत पडलेल्या एका फुलाचा फोटो घ्यायला मी रस्त्याच्या कडेला ओणवी झाले, तर चहाच्या गाडीवाले दादा धावत आले.

"ताई, रस्ता रुंद होणार हाय का? आमची गाडी हालवायची का?"

"नाही हो दादा, फुलाचा फोटो काढतेय."

"येवढ्याशा फुलाचा?" त्यांनीही वाकून बघितलं. "मग हिकडून घ्या की. तिकडून तुमचीच सावली पडायली."

फोटो खरंच सुरेख आला. त्यांच्या आल्याच्या चहाला तर तोड नाही, त्या बाजूला गेलात तर चुकवू नका. साहेबांनी मात्र हर्सूल एका दमात सांगितलं आणि जिंकल्याच्या आनंदात आणखी एक पोळी मागून घेतली.

मी हे कौतुकानं लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू बाहेरचं सगळं घरातच आणून देतीयेस. मग बाबा कशाला उठतील?"

पोरगी बापासारखीच, नेमकं बोट ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी लांब गेलेच नाही. आमच्याच बिल्डिंगला मागच्या बाजूनं एक चक्कर मारली. पाइपाजवळच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलेलं, दोनच पानं, नवीकोरी, तांबूस. उन्हात शीर न् शीर दिसत होती. ओल्या भिंतीचे पोपडे मागं डोंगरासारखे आले.

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "अजिंठ्याकडचा कडा."

"नाही."

"पाचोडची विहीर? आतली बाजू?"

"नाही. आपलीच भिंत आहे. सुभानभाई आज ते उपटणार आहेत, भिंत फुटते म्हणून."

सुभानभाई म्हणजे आमचे वॉचमन. साहेब ताठ बसले. आमच्या घरात पिंपळाचं रोप फेकत नाहीत. सासऱ्यांपासूनची रीत आहे, भिंतीत उगवलं की अलगद सोडवायचं आणि बुद्धविहाराच्या अंगणात लावायचं.

"तो हिसका मारून काढंल. मूळ तुटंल."

"मी सांगते त्यांना."

"तुला नाय जमायचं. चपला कुठंत माझ्या?"

मी वॉकर घेऊन पुढं, ते कठड्याला धरून मागं. एकेका पायरीवर थांबत, मलाच दटावत, "मागं बघू नको, समोर बघ." मला समोरचं काही धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

"अरे साब, आप नीचे?" सुभानभाई वॉकर घ्यायला वर धावले.

"हल्लू निकालो सुभानभाई, जड नहीं टूटना."

रोप निघालं. डब्यात ठेवून आम्ही ते कोपऱ्यापलीकडच्या विहारात नेलं, वाटेत दोनदा बसत. लावलेल्या रोपाला पाणी तर रोज लागतं. ते घालायला साहेब आता संध्याकाळी जातात, आधी मला घेऊन जायचे, हल्ली वॉकर घेऊन एकटेच.

केरळ राहिलं याचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू? काल मात्र मी भाजी निवडत होते आणि मोबाईल वाजला. साहेबांचा फोटो. कुठलीशी साल, तिच्यावर मुंग्यांची रांग, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "सांग, कुठं आहे मी?"

मला ओळखता येईना. भाजी तशीच ठेवली आणि चपला घातल्या.